संगीताचा तास: हक्काचा आणि सर्वांचा

महाराष्ट्रातल्या शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. परिपाठाला राष्ट्रगीत, 2023 पासून त्याच्या जोडीला राज्यगीत, मग प्रार्थना आणि एखादे समूहगीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस शाळा भरावी लागते. या हिशेबाने दहावी होईपर्यंत एक मूल राष्ट्रगीत दोन हजारांहून अधिक वेळा गाते. एवढी उजळणी शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याही पाठाच्या वाट्याला येत नाही. तरीही ते कोणत्या पट्टीत सुरू करायचे, हे बहुतेक शाळांत ठरलेले नसते. ज्याचा आवाज मोठा तो सुरू करतो आणि बाकीचे आपापल्या स्वरात त्याच्या मागे जातात. सुरुवात चढ्या पट्टीत झाली, तर अखेरच्या जयघोषात चाल तार षड्जाला पोचते तेव्हा निम्म्या मुलांचे आवाज चिरकतात आणि उरलेली ओरडून वेळ मारून नेतात. सुरुवात फार खाली झाली, तर मंद्र सप्तकात उतरणाऱ्या जागा घशातच विरतात. साधारण 52 सेकंदांचे हे गीत मुलांच्या आवाजाला झेपणारी पट्टी शोधून, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवून, एकदा नीट शिकवायला तीन-चार तासिका पुरतात. त्या तासिका दहा वर्षांत कुणी देत नाही. गाणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, हे आपल्या शाळेने अजून मनापासून मानलेलेच नाही. कुणाला गाता येते, कुणाला येत नाही, इतकेच ती जाणते.

ही समजूत बदलावी म्हणून हे लेखन. म्हणणे थोडक्यात असे आहे: संगीत हा प्रत्येक मुलाने शिकण्याचा विषय आहे, तो त्याच्या स्वतःच्या मोलासाठी शिकवला पाहिजे, आणि त्याची सुरुवात वर्गावरच्या नेहमीच्या शिक्षकापासून झाली पाहिजे. कागदोपत्री यातले बरेचसे मान्य झालेले आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत पाडायला सांगितले. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी गायन-वादनाचे घटक आहेत. अडचण धोरणाची नाही. वेळापत्रकात ‘कला’ असे लिहिलेला तास सहामाही जवळ आली की गणिताला जातो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पालक करत नाहीत, अधिकारी करत नाहीत, मुलांना तर कुणी विचारत नाही. तो तास का राखायचा, याचे पटेल असे कारण आपल्यापाशी नसल्यामुळे हे घडते. त्यामुळे आधी कारणाचाच विचार करायला हवा.

संगीताच्या बाजूने हल्ली सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे संगीताने बुद्धी वाढते. या समजुतीचा उगम बराचसा 1993 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या टिपणात आहे. फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. त्यानंतर आकृत्यांची मांडणी ओळखण्याच्या एका चाचणीत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोग प्रौढांवरचा होता, ऐकण्यापुरता होता आणि क्षणिक परिणामाचा होता. बाजारात मात्र तो ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ या रूपात पोचला. 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत द्यावी असा प्रस्ताव अर्थसंकल्पात मांडला. पुढच्या प्रयोगांत असे दिसले, की आवडीची गोष्ट ऐकूनही चाचणीत तेवढाच फरक पडतो. माणूस ताजातवाना आणि प्रसन्न असला की थोडा वेळ बरे काम करतो, यापलीकडे त्या निष्कर्षात फारसे काही नव्हते.

ऐकणे सोडून प्रत्यक्ष शिकण्याकडे वळले, तर पुरावा अधिक गंभीर आहे आणि तितकाच सावध करणाराही. ग्लेन शेलेनबर्ग यांनी टोरांटोत सहा वर्षांच्या 144 मुलांचे चार गट केले. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य यांचे वर्षभर धडे दिले आणि चौथ्या गटाला काहीच दिले नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वच मुलांचा बुद्ध्यांक वाढलेला दिसला, कारण ती सगळी त्या वर्षी शाळेत जाऊ लागली होती. संगीत शिकणाऱ्यांची वाढ सुमारे सात गुणांची होती, इतरांची सव्वाचारच्या आसपास. फरक खरा होता, पण लहान. लोकांत मिसळण्याच्या बाबतीत प्रगती दिसली ती नाट्य शिकणाऱ्या मुलांत. पुढे 2020 साली जोव्हानी साला आणि फर्नां गोबे यांनी 54 अभ्यासांतील सुमारे 7 हजार मुलांची आकडेवारी एकत्र तपासली. प्रयोगाची आखणी जितकी काटेकोर, तितका बुद्धीवरचा आणि अभ्यासातील गुणांवरचा परिणाम शून्याकडे सरकतो, असे त्यांना आढळले. या निष्कर्षावर वाद झाले, काहींनी त्याच आकड्यांतून लहानसा फायदा दाखवून दिला. पण वाद आहे तो ‘थोडा’ की ‘जवळजवळ नाही’ एवढ्यापुरता. ‘संगीत शिका म्हणजे गणितात पैकीच्या पैकी’ असे सांगायला आधार सापडत नाही.

हे संगीताच्या चाहत्यांनी खुलेपणाने मान्य करावे. त्यात आपले नुकसान नाही, उलट सुटका आहे. गणिताच्या गुणांसाठी संगीत हवे, असे एकदा म्हटले की संगीत गणिताचे आश्रित होते. मग कुणीही विचारू शकतो, की गणितासाठीच तास हवा असेल, तर सरळ गणितच का शिकवू नये? या प्रश्नाला उत्तर नाही. वेळापत्रकातून संगीताचा तास जाण्यामागे नेमका हाच विचार आहे. इतिहास शिकल्याने विज्ञानाचे गुण वाढतात का, असे आपण विचारत नाही. माणसाने आपला भूतकाळ जाणावा, एवढे त्याला पुरते. संगीताकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. स्वर आणि लय यांतून अर्थ घडवणे हे माणसाला भाषेइतकेच जुने आणि सर्वत्र आढळणारे कौशल्य आहे. जात्यावरची ओवी, भोंडल्याचा फेर, शाहिराचा पोवाडा, वारीतला टाळमृदंग, गोव्याच्या अंगणातला धालो आणि घुमटाचा ठेका, यांच्यात वाढणाऱ्या मुलाला ते कौशल्य समजून घ्यायला न शिकवता शाळेबाहेर सोडणे म्हणजे त्याच्या वारशाचा एक भाग त्याच्यापासून लपवून ठेवणे होय.

संगीताचे स्वतःचे मोल म्हणजे नेमके काय, हे वर्गात उतरून पाहिले की स्पष्ट होते. पाचवीच्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि वाद्य एकही नाही, असे धरून चालू. शिक्षक दादरा शिकवत आहेत: सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर काल. आधी सगळी मुले समेवर टाळी देतात आणि कालाला हात बाजूला फेकतात. लय स्थिरावली की अर्धा वर्ग टाळी सांभाळतो आणि उरलेला अर्धा ‘धा धी ना, धा ती ना’ असा ठेका म्हणतो. मग ठेका दुगुनीत म्हणायचा, म्हणजे एका आवर्तनात दोनदा. इथे हमखास एक गोष्ट घडते. बोल जलद झाले की टाळी देणारेही जलद होतात आणि सगळा वर्ग धावू लागतो. शिक्षक थांबवतात. बोल वाढले तरी मात्रा वाढलेली नाही, टाळी आपल्या जागी राहिली पाहिजे, हे पुन्हा करून दाखवतात. तीन-चार वेळा फसल्यावर एका क्षणी दोन्ही गट एकाच समेवर येतात आणि ते जमल्याचे मुलांना स्वतःलाच कळते. शिक्षकाने ‘बरोबर’ म्हणण्याची गरज उरत नाही. स्वतःचे काम करताना दुसऱ्याचे ऐकणे, घाई झाली तरी मूळ गती न सोडणे, चूक कानाने पकडणे आणि ती सर्वांनी मिळून सुधारणे, एवढे त्या पंधरा मिनिटांत घडते. दुगुन समजावताना अर्धी मात्रा येते, तिच्याबरोबर अपूर्णांकही येतो. तो आला तर आनंदच आहे, पण धडा त्याच्यासाठी नाही.

स्वराचा पाठही असाच साधा असू शकतो. सुरुवातीला सा, रे, ग, प, ध हे भूपाचे पाच स्वर पुरतात. मध्यम आणि निषाद वगळल्यामुळे त्यांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच येत नाही, आणि लहान मुले घसरतात ती बहुधा तिथेच. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी आपल्या देशातील मुलांसाठी पद्धत आखताना हाच विचार केला. त्यांनीही पाच स्वरांच्या लोकगीतांपासून आरंभ केला, कारण हंगेरीची जुनी लोकगीते त्याच स्वरांत बांधलेली होती. मूल मातृभाषा बोलू लागते, तसे त्याने आधी आपल्या मातीचे गाणे गावे आणि त्यानंतर लिपी व व्याकरण शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीत षड्जाची जागा पक्की नसते, गाणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे ती बदलते. आपल्या संगीतात तर हे गृहीतच आहे. 1950 साली केच्केमेट या गावी या पद्धतीची पहिली गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली, तिथे रोज संगीताचा तास असे. 2016 साली युनेस्कोने लोकसंगीताचा वारसा राखण्याची चांगली पद्धत म्हणून या कामाची नोंद घेतली. रोजचा तास, आपली गाणी आणि सोपे ते आधी, ही तिन्ही सूत्रे आपल्याला उसनी घ्यावी लागणार नाहीत. ती वापरायची इच्छा तेवढी लागेल.

एकत्र गाण्याचा आणखी एक परिणाम थोडा वेगळा नोंदवण्याजोगा आहे. जर्मनीत झेबास्टियान किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून त्यांना खेळायला दिले. काही जोड्यांच्या खेळात मिळून गाणे आणि ठेका धरणे होते, काहींच्या खेळात बाकी सगळे तेच होते, पण संगीत नव्हते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मिळून गायलेली मुले नंतर एकमेकांना मदत करण्यात आणि मिळून काम करण्यात पुढे राहिली. एका प्रयोगावर फार मोठा इमला उभारू नये. पण भजनी मंडळ, लेझीम पथक किंवा कीर्तनातले टाळकरी ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाही. हा परिणाम गाण्याच्या बाहेरून आलेला नाही. दुसऱ्याशी सूर आणि लय जुळवणे हा समूहगायनाचा गाभाच आहे, त्यामुळे तो संगीताच्या स्वतःच्या मोलात धरायला हरकत नाही.

सामान्य मुलाला पद्धतशीर संगीत शिकवता येते, हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. त्याला मराठी माणसांच्या कामाचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौला बक्ष यांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाच्या आधारे वर्गात शिकवणे सुरू केले. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते राजाश्रयावर न ठेवता लोकांच्या मदतीवर उभे केले, आणि मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके लिहिली. मुंबईत वकिली सोडून संगीताच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांतून फिरून चिजा गोळा केल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून कुणालाही उपलब्ध करून दिल्या. 1926 साली लखनौला त्यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय निघाले. पलुस्करांच्या शिष्यांनी 1931 साली स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा आज महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत होतात. उस्तादाच्या घरात, मर्जीने, काही मोजक्यांना मिळणारी विद्या फळा, पुस्तक आणि वेळापत्रक यांच्या साह्याने पुष्कळांना देता येते, हे या माणसांनी करून दाखवले.

या चळवळीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण आज आपल्याला काय करायचे आहे ते तिच्यातूनच कळते. तिने गाणे सभ्य घरांत नेले, मुलींना संगीताची दारे उघडली, पण ज्यांच्याकडून ही विद्या आली त्या उस्तादांना आणि गाणाऱ्या स्त्रियांना तिच्यात दुय्यम जागा मिळाली, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती निराधार नाही. शाळेपुरते बोलायचे तर दुसरी उणीव मोठी आहे. ‘संगीत शिकणे’ म्हणजे पेटी-तबला आणि राग, असा अर्थ रूढ झाला. हलगी, डफ, संबळ, तुणतुणे, दिमडी ही वाद्ये वाजवणारे हात बहुतेक दलित आणि भटक्या समाजांतले. त्यांची लयीची समज कुठल्याही तबलजीने आदराने ऐकावी अशी, पण शाळेत ती वाद्ये आली तर फक्त मिरवणुकीपुरती. हलगी वाजवणाऱ्याचे मूल वर्गात आपल्या बापाचे काम सांगायला संकोचते आणि सुटी लागली की तेच काम करते, ही गोष्ट शिक्षणाला शोभणारी नाही. सर्वांसाठीच्या संगीताच्या तासात हलगी तबल्याशेजारी ठेवली जाईल, तिच्या बोलांना नाव असेल, तिच्या वादकाला शिक्षकाची खुर्ची मिळेल. प्रार्थना आणि समूहगीते निवडतानाही वर्गातल्या प्रत्येक धर्माच्या, प्रत्येक वस्तीच्या मुलाला मोकळ्या मनाने गाता येतील अशीच घ्यावीत. कुठले संगीत शिकवायचे, या प्रश्नाचे उत्तर असे आहे: आरंभ जवळच्या संगीतापासून, विस्तार सर्वांकडे. ओवीचे स्वर ओळखता आले की रागाचे ओळखता येतात, आणि रागाकडून मांडो, कव्वाली, सिनेगीत यांकडे जायला वाट सापडते.

सामान्य मुलाला संगीत कसे शिकवायचे, या प्रश्नाचे गोव्याने एक वेगळे उत्तर दिले आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत गावचा मेस्त साध्या घरांतल्या मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवत असे. हेतू चर्चमधल्या उपासनेपुरता होता आणि लाभ एकाच समाजाला झाला, हे खरे. पण कागदावरचे स्वर वाचून वाजवू शकणारी इतकी माणसे त्यातून तयार झाली, की विसाव्या शतकात मुंबईचे नाचघरांतले बँड आणि हिंदी-मराठी चित्रपटांचे वाद्यवृंद गोमंतकीय वादकांशिवाय उभेच राहू शकले नसते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना करणारे सेबास्टियन डिसोझा हे त्याच मातीतले. गावच्या शाळेत मिळालेले साधे, नियमित, सर्वांना दिलेले शिक्षण पिढ्यांनंतरही फळ देते, याचे याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आता आक्षेप पाहू. पहिला वेळेचा: अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी एक विषय कुठे बसवायचा? पण संगीतासाठी नवा तास कुणी मागत नाही. कलेचा तास वेळापत्रकात आहेच. तो चित्रकला, संगीत आणि नाट्य यांत वाटून घेतला, तरी आठवड्याला संगीताची एक तासिका निघते. तिला परिपाठातली रोजची दहा मिनिटे जोडली, की वर्षभराचे काम होते. शारीरिक शिक्षणातली लेझीम आणि कवायत लयीच्या शिक्षणाला पूरक आहेत, भाषेच्या तासाला कवितेला चाल लावणे हे स्वराच्या शिक्षणाला पूरक आहे. जे चालू आहे ते जाणीवपूर्वक करायचे आहे. स्नेहसंमेलनाच्या आधीचे दोन-तीन आठवडे अनेक शाळांत ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवण्यात जातात. त्यातला निम्मा वेळ मुलांनी स्वतः गायला आणि वाजवायला दिला, तर वेळ नाही हा आक्षेप बराचसा मावळेल.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो खरोखर वजनदार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असेल तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देणे बंधनकारक आहे. म्हणजे वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेला तो कधीच मिळणार नाही. सर्व शाळांना संगीतविशारद मिळेपर्यंत थांबायचे म्हटले, तर आज पहिलीत असलेली मुले आईबाप होतील. म्हणूनच सुरुवात वर्गशिक्षकाने करायची. त्याला मैफल गाजवायची नाही. पन्नासेक गाणी, चार ताल, पाच ते सात स्वर आणि मुलांचा आवाज सांभाळण्याची समज एवढे त्याला हवे, आणि ते अध्यापक विद्यालयातल्या दोन वर्षांत सहज शिकवता येईल. आवाजाबद्दलची समज तर सर्वांत सोपी: शिक्षकाने आपल्या सोयीची पट्टी न घेता मुलांच्या सोयीची घ्यावी, आणि ‘जोरात म्हणा’ असे न म्हणता ‘ऐकत म्हणा’ असे म्हणावे. केंद्रशाळेच्या पातळीवर दहा-बारा शाळांना मिळून एक जाणकार नेमता आला, तर तो महिन्यातून एकदा येऊन वर्गशिक्षकाला पुढचे दाखवू शकेल. गावातले भजनी मंडळ, शाहीर, गोंधळी, बँडवाले हेही शिक्षकच आहेत. त्यांना मानधन देऊन, वर्गशिक्षकाच्या सोबतीने बोलवावे. फुकट राबवू नये.

तिसरा आक्षेप असा, की काही मुलांना मुळात गळाच नसतो. असे म्हणणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. स्वरांतला फरक जन्मतःच कळत नाही अशी अवस्था असते, पण इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक व्ह्यूवान यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीनुसार ती सुमारे दीड टक्का लोकांत आढळते. चाळीसच्या वर्गात फार तर एखादे मूल. बाकीची जी मुले ‘बेसूर’ म्हणून मागच्या रांगेत उभी केली जातात, त्यांना बहुधा बोलण्याच्या आवाजातून गाण्याच्या आवाजात जायचे कसे, हेच कुणी दाखवलेले नसते. आवाज रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा खालून वर आणि वरून खाली सरकवणे, तो एका स्वरावर थांबवणे, चारजणांच्या लहान गटात शेजाऱ्याचे ऐकून त्यात मिसळणे, अशा सरावाने काही आठवड्यांत फरक पडतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून ‘याला वाचनाचे अंग नाही’ असा शेरा आपण मारत नाही, अक्षरे गिरवून घेतो. स्वरांच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावतो. ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य शाळेतून कायमचे हद्दपार व्हायला हवे.

चौथा आक्षेप संगीताच्या बाजूनेच येतो. गुरूपुढे बसून वर्षानुवर्षे शिकावी लागणारी विद्या चाळीस मुलांना अर्ध्या तासात कशी शिकवणार, त्याने तिचा दर्जाच खालावेल, असे काही कलावंत मनापासून मानतात. मोठा गायक गुरूकडेच घडतो, यात वाद नाही. शाळेला तो घडवायचाही नाही. तानसेन थोडे असतात आणि थोडेच असणार. पण त्यांना ऐकायला, समजून दाद द्यायला, आणि नीरस वाटले तर तेही कारणासह सांगायला कानसेन हजारोंनी लागतात. ते आपोआप निपजत नाहीत. शाळेत एकदा तरी दुगुन बांधलेल्या माणसाला तबल्यातले कसब कळते, भूप गायलेल्याला मैफलीत बसल्यावर हरवल्यासारखे वाटत नाही. शिवाय ज्या मुलात खरोखर मोठी क्षमता आहे, ते गुरूपर्यंत पोचणार कसे? आज ते आईवडिलांच्या ऐपतीवर आणि शहराच्या जवळिकीवर ठरते. प्रत्येक शाळेत गाणे शिकवले गेले, तर मेळघाटातले किंवा पेडण्यातले मूलही कुणाच्या तरी कानावर पडेल.

पाचवा आक्षेप नव्या काळाचा. मोबाईलवर जगातले सगळे संगीत हाताशी असताना शाळेने वेगळे काय द्यायचे? उत्तर इतकेच, की ऐकायला मिळणे आणि करता येणे यांत फार अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट पडद्यावरून मिळत नाही. गाण्यांचा साठा जितका वाढतो, तितकी निवड करण्याची जाण अधिक लागते. याला जोडून परीक्षेबद्दलही सांगितले पाहिजे. दहावीला शास्त्रीय आणि लोककलांसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद हेतूने चांगली आहे. पण खासगी वर्गाची फी भरू शकणाऱ्या घरांनाच ती अधिक उपयोगी पडते, आणि प्रमाणपत्र मिळताच तानपुरा कोपऱ्यात जातो, असे व्हायला नको. शाळेतल्या संगीताचे मूल्यमापन जरूर व्हावे. ते गटाने गाऊन-वाजवून, वर्षभराच्या नोंदीतून व्हावे. एकट्या मुलाला सर्वांसमोर उभे करून गुण देण्याने धीट मुले पुढे जातात आणि बाकीची आयुष्यभर गाणे सोडतात.

पुढील पानांतले पाठ याच विचाराने रचले आहेत. एकही वाद्य नसलेल्या शाळेत, संगीत न शिकलेल्या शिक्षकाने, चाळीस मुलांच्या वर्गात सुरू करावे असेच ते आहेत. पेटी किंवा तानपुऱ्याचे ॲप हाताशी असेल तर बरेच, नसेल तर टाळी, बाक आणि आवाज पुरे. क्रम लयीकडून स्वराकडे, ऐकण्याकडून गाण्याकडे आणि ओळखीच्या गाण्याकडून अनोळखी गाण्याकडे असा ठेवला आहे. तो जसाच्या तसा पाळलाच पाहिजे असे नाही. आपल्या गावची गाणी त्यात घालावीत, झेपणार नाहीत ती काढावीत. मुलांची प्रगती सावकाश दिसेल आणि पहिल्या वर्षी बाहेरच्या कुणाला ती बहुधा जाणवणारही नाही. तिचे मोजमाप वर्गातच करावे: सगळी मुले एका समेवर येतात का, आपण बेसूर झालो हे त्यांचे त्यांना कळते का, मागच्या रांगेतली मुले गाऊ लागली का.

शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती एवढीच आहे. संगीताने मूल हुशार होईल, म्हणून ते शिकवू नका. ते माणसाचे आहे आणि प्रत्येक मुलाचा त्यावर हक्क आहे, म्हणून शिकवा. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढा, कलेचा तास कुठे जातो हे विचारा. आणि येत्या जूनचे वेळापत्रक आखताना त्यात संगीत हा शब्द स्वच्छ लिहा, आणि सहामाही कितीही जवळ आली तरी तो तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला देऊ नका.